पेटीत बसायला शिकलेला कुत्रा

ये ग, जवळ सरक. अशी उंबऱ्यापाशी पाहुणीसारखी काय बसतेस? तू तिकडे सातासमुद्रापार आहेस आणि मी कागदाशी बोलतेय, हे का मला ठाऊक नाही? पण माझ्या मनात तू नेहमी आपल्या ओसरीवरच बसलेली असतेस, म्हणून म्हटलं सरक. आणि आधी कान दे इकडे, जरासा पिळायचा आहे. परवा फोनवर हसत हसत म्हणालीस, "मोठी माय, माहा कुत्रा तूच ठेवून घेतला होता ना वो? तुले करमत नव्हतं म्हणून." इतकी वर्षं परदेशात राहून तुझी बोली इथलीच राहिली, त्याचं मला कौतुक वाटलं. पण बोललीस काय ते? असं बोलतात का माणसाला? हसलीस खरी, पण मी काही इतकी बहिरी झाले नाही की हसण्याखालचं ऐकू येऊ नये. एवढं मनात होतं तर एकदा येऊन भांडून घ्यायचं होतं, बाई. भांडायला तरी आली असतीस.

तेव्हा तू पहिलीत जायच्या वयाची. तुला काय आठवणार? म्हणून मुळापासून सांगते. मधे उठू नकोस.

तुझी आई गेली तेव्हा तू रांगतसुद्धा नव्हतीस. विषमज्वर. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेली ती बैलबंडीत बसवून, आणली ती बंडीत झाकून. तुझ्या आजीनं तुला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मी घरातली थोरली सून, माझी कूस काही उजवली नव्हती. पुढे आजीही गेली. मग घरात उरलो आम्ही चौघं आणि तू. तुझा आजा, म्हणजे माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची. तुझे मोठे बाबा, म्हणजे माझे हे. आणि तुझे बाबा, मोहाडीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, सायकलवर जायचे-यायचे. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. जे चार शब्द आज लिहितेय ते तुझ्या पाटीवर तुझ्यासोबत गिरवून शिकलेले आहेत. तू 'ग' उलटा काढायचीस, मीही उलटाच काढायची.

तो आला तो मळणीनंतर. गुरांच्या कोठ्यामागे तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा ढीग होता, त्याच्याखाली गावातली एक कुत्री व्याली. बाकीची पिल्लं कोणी नेली, काही मेली, हा एक उरला. तांबडा रंग, शेपटी वाकडी. गावात असे किती होते! बोडीच्या, आपल्या तळ्याच्या, पाळीवर दहा तांबडे कुत्रे बसले असते तर आपला कोणता हे मला जवळ जाऊन बघावं लागलं असतं. तुला नाही लागायचं. तू त्याचा कान धरून उभी राहायला शिकलीस. त्यानं कधी गुरगुर केली नाही, नुसता डोळे मिटून घ्यायचा, जसा काही कान त्याचा नव्हताच. जेवताना एक घास तुला, एक त्याला, नाहीतर तोंड उघडायची नाहीस. आई नसलेल्या लेकराच्या हाताला काहीतरी धरायला लागतं ग. माझा पदर होता, पण मला कामं होती. त्याला काम नव्हतं.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते तुझं आणि त्याचं.

तर तुझ्या बाबांना आफ्रिकेत मास्तरकी मिळाली. झांबिया देशाचं नाव तोवर आमच्या घरात कोणी काढलं नव्हतं. तेव्हा तिकडे इथले मास्तर बोलवायचे, पगार चांगला, राहायला घर. तुझ्या बाबांचं इथं मन लागत नव्हतं, तुझी आई गेल्यापासून ते घरात पाहुण्यासारखे वावरायचे. जाणार हे ठरलं. आणि तुला घेऊन जाणार, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं.

मामाजी ओसरीवर बसले होते. म्हणाले, "बाबू, पोरीले ठेवून जाय. तुले बायको नाही, तिथं तिचे केस कोण विचरन?"

"मी शिकतो विचरायले."

"तू? तुह्ये स्वतःचे विचरता येत नाही तुले."

सगळे हसले. मी चुलीपाशी होते, मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यात धूर गेला असं केलं. नंतर तुझे बाबा आत आले आणि माझ्यापाशी उकिडवे बसले. "वयनी, तिची माय गेली. आता बापही गेला असं नाही होऊ द्यायचं मले."

खरंच बोलत होते ते. मी तव्यावरची भाकरी उलटली. एकदाच वाटलं, म्हणावं, आणि मी? पण मी कोण? मोठी माय. मायच्या आधी 'मोठी' लागलं की ती दुसरीच बाई होते.

तुला सांगितलं तर तू रडली नाहीस. सरळ म्हणालीस, "तो येईन तं मी येईन." आणि दुपारी जेवली नाहीस, संध्याकाळी जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी तुझ्या बाबांनी हात टेकले. तिकडे पत्र लिहिलं, कुत्रा आणता येतो का म्हणून. आम्हाला वाटलं, कुठला देश आपलं गावठी कुत्रं मागणार आहे? पण परवानगी आली! तुझे बाबा येतील त्याच विमानानं, त्यांच्याच सोबत आणायचा, सुई टोचलेली पाहिजे, सरकारी डॉक्टरचा कागद पाहिजे, आणि पेटी अशी पाहिजे की त्याला आत उभं राहता यावं, वळता यावं.

तेव्हा मी मनाशी ठरवलं. मला काही तुझ्याबरोबर येता येत नाही. तर हा तरी यावा. आपल्या घरचं एक कोणीतरी तुझ्या हाताखाली असावं, परक्या मुलखात जाग आली तर हात लावायला. त्याला तयार करायचं ते मी करीन. तुझ्या बाबांचे कागद, माझा कुत्रा.

गावाला तर सणच झाला. जो येईल तो ओसरीवर टेकायचा आणि त्याच्याकडे बघायचा. "काय वो वयनी, आमी एसटीत उभ्यानं भंडाऱ्याले जातो, आन् हे इमानात बसून जाऊन राहिलं?" कोणी म्हणे, त्याला इंग्रजी भुंकायला शिकवा. शेजारची म्हातारी रोज विचारायची, "खिडकीची जागा भेटली का त्याले?" पेटी करायला सुतार आला, तुझ्या बाबांनी त्याला मापं दिली, बाजूनं हवेची छिद्रं किती ते सांगितलं, तर तो म्हणतो कसा, "सर, माह्या खोलीले एक खिडकी हाये, तेबी उघडत नाही. पुढच्या जन्मी तुमच्याच घरचा कुत्रा करा मले." आंब्याच्या फळ्यांची पेटी, बिजागऱ्या लावलेलं दार. बाहेरून तुझ्या बाबांनी तिकडचा पत्ता रंगानं लिहिला.

पण तो काही आत जाईना. उभा जन्म मोकळ्यात काढलेलं जनावर ते. भाताचा गोळा ठेवला, सुकट ठेवली, मान लांब करून सुकट खायची आणि मागचे पाय बाहेरच. मी ढकललं तर माझ्याकडे असं बघितलं की मीच लाजले. मग तू काय केलंस आठवतं? तूच आत जाऊन बसलीस. गुडघे पोटाशी घेऊन, परकर सावरून. आणि आतून हाक मारलीस, "ये ना! इमान सुटून राहिलं!"

तो गेला. गेला आणि तुझ्यावर बसला. दोघं आत, आणि छिद्रांतून तुझं हसू बाहेर.

तिथून पुढे सोपं झालं. रोज खेळ. मी खुंटीवरची पिशवी काढून हातात घ्यायची आणि म्हणायची, "चला." तू धावत जायचीस, तो तुझ्यामागे, दोघं पेटीत. मग तू नुसती दारापाशी उभी, तो एकटा आत. मग मी दार लावायची, जरा वेळानं उघडायची, शाबासकीची सुकट द्यायची. मग जास्त वेळ. आत तुझी लहानपणची गोधडी अंथरली होती. पुढे पुढे तर मी बाजाराला निघाले, पिशवी उचलली, तोंडानं सहज "चला" म्हटलं, की हा घरात असेल तिथून उठून पेटीत जाऊन बसायचा. शहाणा होता बापा. मला गर्व वाटायचा. वाटायचं, मी शिकवलं.

राहिला आवाज. तुझे बाबा म्हणाले, विमानाचा आवाज असा असतो की कानठळ्या बसतात. आणि हा तर दिवाळीत फटाका वाजला की कोठ्यात बैलाच्या पोटाखाली जायचा. मी म्हटलं, आपल्याकडे विमान कुठून आणू? मग सुचलं, धानाची गिरणी! तिचा आवाज काय कमी असतो? मी टोपलीत थोडं धान घ्यायची, डोक्यावर टोपली, हातात त्याची दोरी. पहिल्या दिवशी गिरणीवाला ओरडून ओरडून म्हणाला, "वयनी, धान आणलं का कुत्रं? कुत्रं नाही कांडत आपुन इथं!" पट्टा सुरू झाला तसा हा जमिनीला चिकटला, सगळं अंग थरथर. मी त्याच्या अंगावर हात ठेवून कोंड्याच्या ढिगापाशी बसून राहिले. बोलून उपयोग नव्हता, ऐकू कोणाला येणार? हाताची भाषा तेवढी. असं करता करता एक दिवस गिरणी धडधडत होती आणि हा कोंड्यात मान टाकून झोपला. मी घरी येऊन तुझ्या मोठ्या बाबांना सांगितलं तर म्हणाले, "कुत्र्याची परीक्षा झाली, आता आपली राहिली." त्यांना कळत होतं माझ्या मनातलं. फार बोलत नसत.

सुई टोचायला तुझे बाबा त्याला भंडाऱ्याला ढोरांच्या दवाखान्यात घेऊन गेले, व्यापाऱ्याच्या धानाच्या ट्रकवर बसून. येताना कागद घेऊन आले, शिक्का मारलेला. आणि त्याच्या गळ्यातल्या चामड्याच्या पट्ट्याला पितळेचा एक बिल्ला ठोकलेला, त्यावर आकडे. तुझ्या बाबांनी जेवताना सांगितलं, की हाच नंबर कागदावर आहे. एकदाच सांगितलं. बाकी दिवसभर कागदच. कागद ट्रंकेत, कागदावर कपडा, कपड्यावर पुस्तकं, "कागदाले हात लावू नका, कागद गेला तं कुत्रा गेला." आम्ही सगळ्यांनी तो कागद असा जपला, जसं तान्हं बाळ. बिल्ला तर त्याच्या गळ्यातच होता, तो कुठे जाणार?

आता नीट ऐक. तुझ्या आजाचं सांगते.

शेतकऱ्याच्या घरी एक रीत असते. तू परदेशात वाढलीस, तुला ठाऊक नसेल. बैल विकला, गाय विकली, तर जनावर द्यायचं, दावं द्यायचं नाही. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं. घरचं दावं सोडून खुंटीवर टांगायचं. तसं केलं की जनावर जातं पण घरची लक्ष्मी जात नाही. आणि जनावरालाही बरं असतं म्हणतात, जुन्या दाव्याचा वास गळ्यात राहिला तर ते मागे ओढ घेतं, नव्या दावणीला चारा खात नाही, दोर तोडून परत येतं. आपल्या कोठ्यात खुंट्यांची रांगच होती. मामाजी एकेक दावं हातात घेऊन सांगायचे, हे पांढऱ्या बैलाचं, हे त्या मारक्या गोऱ्ह्याचं, हे तुझ्या आजीच्या आवडत्या गाईचं.

तुम्ही जायच्या आधी काही दिवस ते ओसरीवर बसून अंबाडीची दोरी वळत होते. मला वाटलं, वासराला असेल. त्यात त्यांनी तुझी एक जुनी लाल रिबीन पिळून घातली होती, तेही मी पाहिलं; वाटलं, म्हाताऱ्याची हौस. कोणी विचारलं नाही, ते बोलले नाहीत. ज्याच्या मनात पाप नसतं तो सांगायला जात नाही ना.

निघायच्या दिवशी दुपारी बंडी दाराशी लागली. वरठी स्टेशनावरून गाडी, मुंबईपर्यंत तुझे मोठे बाबा सोबत जाणार होते. मी तुझ्या झग्याच्या ओच्यात तांदूळ, नारळ घालून तुझी ओटी भरली, एवढ्याशा पोरीची. त्यालाही कुंकू लावलं, त्यानं ते चाटून घ्यायचा प्रयत्न केला आणि तू हसलीस. मग मामाजींनी त्याला कोठ्यात बोलावलं. मी दारातून पाहिलं, तुझा आजा खाली बसला होता, दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती, पाठ माझ्याकडे. मी तोंड फिरवलं. एवढा ताठ माणूस, निरोप घेत असेल, रडत असेल. सुनेनं ते पाहू नये.

मग मी पिशवी उचलली. म्हटलं, "चला."

तो कोठ्यातून आला आणि आपल्या पायानं पेटीत जाऊन बसला. दार लावलं. सगळे वाहवा म्हणाले. बंडी निघाली तेव्हा तू पेटीला टेकून बसली होतीस आणि तुझी बोटं एका छिद्रातून आत होती. बोडीच्या पाळीपर्यंत मी मागे आले. पुढे नाही आले. तू हात हलवला नाहीस, तुझा हात रिकामा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोठ्यात शेण काढत होते. उन्हाची तिरीप खुंट्यांवर आली आणि काहीतरी चमकलं. दाव्यांच्या रांगेत, सगळ्यात शेवटी, चामड्याचा पट्टा. त्याला पितळेचा बिल्ला.

शेणाचे हात तसेच घेऊन मी बाहेर आले. "मामाजी! पट्टा काहून काढला?"

ते दात घासत होते. चांगले हसले. "दावं घरचं घरी ठेवलं, सूनबाई. नवी दोरी बांधून देल्ली. आता तो मागं ओढ घेणार नाही. तो रमला का पोरगी बी रमन तिकडं."

"मामाजी, त्याच्यावर नंबर होता. कागदावर तोच नंबर हाये."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पट्ट्याकडे. मी त्या घरात सून म्हणून आल्यापासून त्यांना कशाला भिताना पाहिलं नव्हतं. एकदम म्हातारे दिसायला लागले. मला वाटलं, आता स्वतःलाच बोलतील, कपाळ बडवून घेतील. तसं काही नाही. तोंड धुतलं, धुतलेलं धोतर नेसले, पट्टा दुपट्ट्यात गुंडाळून कमरेला बांधला आणि म्हणाले, "वरठीले गाडी कितीक वाजता हाये?"

नागपूरच्या पुढे कधी गेला नव्हता तुझा आजा. मी शिदोरी बांधली, ती ते घ्यायचीसुद्धा विसरले. मी बोडीपर्यंत धावत गेले द्यायला.

मुंबईचं मी तुझ्या मोठ्या बाबांकडून ऐकलं, तेही एकदाच, एका बैठकीत, परत त्यांनी तो विषय काढला नाही. विमानतळावर साहेबानं पेटी उघडायला लावली, कागद हातात घेतला. वाईट नव्हता म्हणे तो माणूस. म्हणाला, "कागद बरोबर आहे. पण हा कुत्रा तोच कशावरून? बिल्ला कुठे?" गळ्यात लाल रिबिनीची दोरी. तुझे बाबा शपथा घ्यायला लागले. साहेब म्हणाला, "मास्तर, कागदावर काय लिहिलंय बघा. रंग तांबडा, जात गावठी. असे रस्त्यावर शंभर दाखवतो तुम्हाला." त्याचंही काय चुकलं? मीच म्हटलं ना, मलाही ओळखू आला नसता.

तू बापाच्या खांद्यावर झोपली होतीस. विमान थांबत नाही, नोकरी थांबत नाही. मोठे बाबा म्हणाले, "तू जाय. याले मी पाहतो." तू अर्धवट जागी होऊन विचारलंस, "तो बसला का?" आणि तुझे बाबा म्हणाले, "बसला. खाली बसला." खोटं बोलताना त्यांचा आवाज फाटला, असं तुझे मोठे बाबा सांगत.

मग ते बाहेर फुटपाथवर पेटीपाशी बसून राहिले. दिवस उजाडला. ऊन वर आलं. आणि समोरून धोतरातला एक म्हातारा येताना दिसला, विचारत, चुकत. स्टेशनावर उतरल्यापासून जो भेटेल त्याला पट्टा दाखवत आला होता, "इमान कुठून सुटते?" पेटी दिसल्यावर तो धावला.

"आणला मी! हा पाहा, आणला!"

तुझे मोठे बाबा उठून उभे राहिले.

"गेलं का इमान?"

"गेलं, बाबा."

मामाजी खाली बसले. पेटीचं दार उघडलं, त्याच्या गळ्यातली दोरी सोडली आणि पट्टा बांधला. तेवढंच केलं. मग तिघं परत आले.

बंडीचा आवाज आला तशी मी धावले. पेटी दिसली आणि सगळं समजलं. दार उघडलं, तो बाहेर आला, अंग झाडलं, घरभर फिरला. स्वयंपाकघर, ओसरी, तुझी झोपायची जागा. मग परत गेला आणि पेटीत जाऊन बसला. तोंड छिद्राकडे.

ग, तिथून पुढे तो पेटीतच राहिला. दार आम्ही काढूनच टाकलं, तरी आतच. जेवायला बाहेर यायचा, पाय मोकळे करून यायचा, पण घरातल्या कोणी पिशवी उचलली, शेतात जायला कोणी "चला" म्हटलं, की जिथे असेल तिथून धावत पेटीत. आणि वाट बघायचा. कोण म्हणतं त्याला समजत नव्हतं? त्याला एवढंच समजलं होतं की आपण नीट बसलो की तू येतेस. आम्ही घरात "चला" म्हणायचं सोडून दिलं. आजही मी म्हणत नाही, "निघू या" म्हणते. लोकांना वाटतं, म्हातारीला शुद्ध बोलायची हौस.

त्याला मागून पाठवता आलं असतं का, विचारशील. परवानगी त्या एका विमानापुरती, सोबत माणूस पाहिजे, आणि आमच्यापैकी जाणार कोण? तुझ्या बाबांनी तिकडून कळवलं की तू रोज विचारतेस, विमानाच्या खालून त्याला अजून कसं काढलं नाही. मग त्यांनी तुला काहीतरी सांगितलं. मोठ्या मायला करमत नव्हतं, ती एकटी पडली असती, म्हणून तो तिच्याजवळ राहिला. तू मनानं मोठी आहेस, तू समजून घेशील, असं त्यांना वाटलं. मला लिहिलं, "वयनी, तुमचं नाव घेतलं, माफ करा." मी रागावले नाही. खोटंही नव्हतं पुरतं. करमत नव्हतंच.

मी खरं का कळवलं नाही? तुझ्या आजामुळे. त्यांनी मला हात जोडले. सासऱ्यानं सुनेला हात जोडले, मला कुठे लपू असं झालं. "पोरीले सांगू नको. मले आजा म्हणू दे तिले." त्यानंतर त्यांनी एकदा बैल विकला, तर दाव्यासकट दिला. घेणारा घाबरला, "पाटील, दावं?" म्हणाले, "ने. मले नाही पाहिजे." कोठ्यात गेले की त्या खुंट्यांकडे बघायचे नाहीत. तुझा विषय निघाला की उठून बोडीवर जायचे. पेटीपाशी बसून त्याच्या पाठीवरून हात मात्र रोज फिरवायचे. आधी ते गेले, मग तो. म्हातारा होऊन गेला, थंडीत, सकाळी, पेटीतच, तुझ्या गोधडीवर. तुझ्या मोठ्या बाबांनी त्याला पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली पुरला. पट्टा मी काढून घेतला.

मग तू आलीस, मोठी होऊन. नागपूरला मामाकडे उतरलीस, आमच्याकडे एका जेवणापुरती. कोठ्यात गेलीस. पेटीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. तू बाहेरून तुझ्या बाबांचं अक्षर वाचलंस, तिकडचा पत्ता, आणि काही न विचारता बाहेर आलीस. मी तोंड उघडलं होतं, सांगणार होते. तेवढ्यात तू आजाच्या फोटोसमोर उभी राहिलीस आणि इतकी रडलीस, इतकी रडलीस. म्हणालीस, "आजा मले भेटलाच नाही परत." मग मी काय सांगणार होते? मी तुला वरण वाढलं.

आता मोठे बाबाही नाहीत. आजाला तुझ्या रागाची भीती वाटायची ते दिवस गेले, आणि मला वाटतं, आज तू रागावणार नाहीस. रागावलीस तर माझ्यावर राग, मला सवय आहे.

परवा तू म्हणालीस, तुझ्या तिथल्या कुत्र्याला घेऊन दुसऱ्या देशात राहायला जातेस. आणि आता म्हणे नंबर कातडीच्या आतच घालतात, तांदळाच्या दाण्याएवढा, कोणाला काढता येत नाही. मी किती वेळ त्याचाच विचार करत बसले. कोणाला काढता येत नाही! किती छान केलंय. तुझ्या आजाला सांगायला पाहिजे होतं कोणीतरी.

पट्टा अजून कोठ्यात खुंटीवर आहे. चामडं वाळून लाकूड झालंय, बिल्ल्यावर हिरवं चढलंय, आकडे तेवढे वाचता येतात. तू ये आणि बघ. हातात घे, गालाला लाव, काय करायचं ते कर. पण घेऊन जायचं म्हणशील तर देणार नाही, आधीच सांगून ठेवते. जनावर गेलं, माणसं गेली, दावं तेवढं घरी आहे. रीत खरी की खोटी, मला ठाऊक नाही, पण दावं घरी असलं की घरची लक्ष्मी जात नाही, एवढंच मी धरून बसले आहे. एका जेवणापुरती येऊ नकोस. चार दिवस ये. माझे गुडघे आता बोडीपर्यंत हळूहळू जातात, पण जातात, मोहाखाली घेऊन जाईन तुला. लवकर येजो, माय. लवकर येजो.